मेलोड्रामा ही शिवी नव्हे

संपादकसाहेब, सप्रेम नमस्कार,

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत जत्रेतल्या नाटकांवर जो लेख आला त्यात आमच्या गावागावातली नाटकं 'निव्वळ मेलोड्रामा' म्हणून एका फटक्यात निकालात काढलीयेत. वाचून खरंच वाईट वाटलं.

मुळात शब्द बघा ना. ग्रीकमध्ये मेलोस म्हणजे गाणं, त्याला ड्रामा जोडून फ्रेंचांनी मेलोद्राम केला. रूसो या विचारवंताचं पिग्मॅलियन हे नाटक १७७० साली फ्रान्समधल्या ल्योंला झालं त्यात बोलणं थांबलं की वाद्यं वाजायची, रडारडीचा काही संबंधच नव्हता. पुढे लंडनमध्ये गद्य नाटकाचा परवाना ड्रुरी लेन, कोव्हेंट गार्डन अशा मोजक्याच थिएटरांना, मग बाकीच्यांनी संगीत घालून नाटकं केली की ती कायद्यात बसायची आणि कामगार, नोकरमाणसं ती बघायला गर्दी करायची. १८४३ ला कायदा बदलला पण तोवर हा प्रकार पक्का रुजला होता. भडक, रडकं हा अर्थ त्याला मागाहून चिकटला.

मूळ अर्थाने धरलं तर १८८० च्या किर्लोस्करांच्या शाकुंतलापासून आमच्या मंगेशीच्या दीनानाथांपर्यंत सगळं मेलोड्रामाच की!

आणि रडण्याचं म्हणाल तर भरतमुनींनी आठ सात्त्विक भावांत, म्हणजे मन हेलावलं की अंगावर आपोआप उमटणाऱ्या खुणांत, अश्रू धरलेत. जत्रेत रात्री दोन वाजता देवळापुढच्या मांडवात थोरला मुलगा बोटीवरून घरी येतो, आईची दृष्टी गेलेली, ती त्याचा चेहरा नुसता चाचपत राहते, ऑर्गनवर भैरवी सुरू होते आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर डोळ्याला लावतात, त्यांचेही मुलगे बोटीवरच असतात हो. हे रडणं खोटं कसं म्हणायचं?

हां, अतिरेक होतो, नाही कशाला म्हणू. आई गेली की हंबरडा संपतच नाही, पुढचं वाक्य आठवेपर्यंत नट छाती पिटत राहतो, ते मलाही सहन होत नाही. त्याला अतिभावुकपणा म्हणा, भडकपणा म्हणा, मी तुमच्या बाजूने आहे. पण मग कुठला प्रवेश लांबला, कुणाचा आवाज उगाच चढला, ते नीट लिहा. आमच्याकडची पोरं दिवसभर कामं करून रात्री तालमी करतात, पेपरात आलेलं कात्रण तालमीच्या खोलीत चिकटवतात, त्यांना त्याचा उपयोग होईल.

आपला एक वाचक,
फोंडा