बैलगाडीवरचा ‘ॲपल’ आणि आपली मते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘इस्रो’ची एखादी मोहीम बातम्यांत आली की बैलगाडीवर ठेवलेल्या उपग्रहाचे जुने छायाचित्र व्हॉट्सॲपवर फिरू लागते. त्याखालची मतेही ठरलेली. कोणी ‘बैलांच्या जिवावर अंतराळात!’ म्हणून खिल्ली उडवतो, तर कोणी ‘ट्रकला पैसे नव्हते, तरी जिद्द सोडली नाही’ म्हणून ऊर भरून आणतो. पहिल्याचा राग येतोच. पण दुसऱ्याचेही मला पटत नाही. अभियंत्यांनी डोके लावून केलेल्या कामाला दोघेही गरिबीच्या खात्यात टाकतात.

गाडीवर दिसतो तो ‘ॲपल’, आपला पहिला प्रायोगिक भूस्थिर दळणवळण उपग्रह. १९ जून १९८१ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपच्या ‘एरियान’ रॉकेटने तो अवकाशात गेला. बैलगाडी लागली ती त्याआधी, अँटेनाच्या चाचणीसाठी. ही चाचणी उघड्यावर घ्यायची होती. ट्रकवर ठेवला असता, तर त्याच्या लोखंडी सांगाड्यावरून रेडिओलहरी परावर्तित होऊन मोजमाप बिघडले असते. लाकडी गाडीने तो प्रश्न सुटला. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. ट्रान्झिस्टर लोखंडी कपाटाला चिकटवला की स्टेशन खरखरायचे, लाकडी बाकावर ठेवला की पुन्हा साफ लागायचे. एवढे दाखवले की बैलगाडी का, हे सातवीच्या पोरांनाही लगेच उमगायचे.

पुढची हकिगत तर कोणी सांगतच नाही. कक्षेत गेल्यावर ‘ॲपल’चे एक सौरपंख उघडलेच नाही. तरीही आपल्या लोकांनी तो दोन वर्षांहून अधिक काळ चालवला, त्यावरून दूरचित्रवाणी आणि दळणवळणाचे प्रयोग केले. ‘इन्सॅट’ या आपल्या पुढच्या दळणवळण उपग्रहांच्या कामाला तो अनुभव उपयोगी पडला.

२०१४ मध्ये मंगळयान पोहोचल्यावर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने गाय घेऊन अंतराळ क्लबचे दार ठोठावणारा शेतकरी व्यंगचित्रात दाखवला. टीका झाल्यावर त्यांनी माफी मागितली. परक्यांनी हिणवले म्हणून आपण चिडलो, ते योग्यच होते. मग घरच्या घरी तीच चेष्टा पुढे ढकलताना आपल्याला काहीच कसे वाटत नाही?

आपल्या दैनिकात हे छायाचित्र पुन्हा छापाल तेव्हा खाली ‘अँटेना चाचणीसाठी लाकडी बैलगाडीवर ठेवलेला ॲपल उपग्रह’ एवढी ओळ जरूर द्यावी, ही विनंती. कळावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कराड