लेकीच्या करारावर सही होण्याआधी

न्यू जर्सी

प्रिय सुनंदास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. लेक एनक्लेक्स, म्हणजे इथे अमेरिकेत नर्सचा परवाना मिळवण्याची परीक्षा, पास झाली, हे वाचून फार आनंद झाला. तिला माझा आशीर्वाद सांग. एजन्सीमार्फत इथल्या एका शुश्रूषागृहात तिची निवड झाली आहे, तर पाठवावे की नाही, असे तू विचारले आहेस. पाठव, असेच मी म्हणेन. मात्र करारावर सही होण्यापूर्वी काही गोष्टी तुम्हा दोघींना ठाऊक असायला हव्यात. एजन्सीचा माणूस त्या सांगणार नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

इथल्या शुश्रूषागृहात म्हातारी माणसे वर्षानुवर्षे राहतात. त्यांतल्या अनेकांना स्मृतिभ्रंश असतो. अंघोळ, जेवण, कूस बदलणे ही कामे बहुतांशी मावश्या करतात, आणि संध्याकाळनंतर सगळ्या मजल्याचा भार एका नर्सवर येतो. तुझ्या वॉर्डात रात्री निदान हाक मारली तर धावून येणारा डॉक्टर असतो. इथे तो फोनवर असतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे फिलिपीन्सहून आलेली एक सहकारी रात्रपाळीला होती. मजल्यावर चाळीस रहिवासी होते आणि दोन मावश्यांपैकी एक आलीच नाही. आधीच्या पाळीकडून ताबा (ओव्हर) घेतल्याबरोबर तिने वरिष्ठांना फोन करून बदली माणूस मागितला. 'बघतो' एवढेच उत्तर मिळाले. पहाटे तीनच्या सुमारास साखर उतरलेल्या एका आजोबांना ती रस पाजत असताना दुसऱ्या टोकाच्या खोलीतल्या आजी लघवीसाठी एकट्याच उठल्या आणि पलंगाशी पडल्या. त्यांना हलवण्याआधी तिने मान, कंबर, पाय तपासले, डॉक्टरांना आणि मुलाला कळवले, आणि डोक्याला मार असू शकतो म्हणून दर पंधरा मिनिटांनी डोळ्यांच्या बाहुल्या, शुद्ध, हातांची पकड व रक्तदाब पाहून नोंदी केल्या. त्यांतली एक नोंद वीस मिनिटे उशिरा झाली, कारण तेवढ्यात आजोबांची साखर पुन्हा पाहायची होती. सुदैवाने आजींना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही.

तिसऱ्या दिवशी तिला कार्यालयात बोलावून 'अंतिम लेखी ताकीद' पुढे ठेवण्यात आली. त्याआधी तिला एकही ताकीद मिळालेली नव्हती. कागदावर 'रहिवाशाकडे दुर्लक्ष' आणि 'नोंदीत विलंब' अशी दोन कारणे होती. न आलेल्या मावशीचा किंवा त्या फोनचा अवाक्षरानेही उल्लेख नव्हता. 'दुर्लक्ष' हा शब्द इथे हलका नाही. तसा आरोप राज्याच्या आरोग्य खात्याला कळवावा लागतो, आणि प्रकरण नर्सिंग बोर्डापर्यंत गेले तर परवानाच धोक्यात येतो. मी तिच्याबरोबर बसून तिचा खुलासा लिहून काढला. तो तिच्या फायलीत लागला, पण ताकीद आजही कायम आहे, आणि याची मला मनापासून चीड आहे.

आजींना पलंगाला बांधून ठेवायचे नव्हते, आणि नसावेच. १९८७ च्या संघीय कायद्याने रहिवाशाला केवळ कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी जखडून ठेवण्यास मनाई केली, ती योग्यच आहे. पण बांधायचे नसेल तर लक्ष ठेवायला माणसे लागतात. २०२४ मध्ये इथल्या केंद्र सरकारने प्रत्येक रहिवाशामागे रोज किमान ३.४८ तासांच्या शुश्रूषेचा नियम केला होता. शुश्रूषागृहांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने तो रद्द ठरवला. माणसे वाढवणे खर्चाचे असते, मेमो देणे फुकट असते.

आता कायद्याची बाजू. सरकारी नोकरीत तुला घटनेच्या कलम ३११ चे संरक्षण आहे. आरोप कळवून, चौकशी करून, म्हणणे मांडू दिल्याशिवाय सहसा बडतर्फ करता येत नाही. इथे मोंटाना सोडले तर बाकी राज्यांत खाजगी मालक एरवी कारण न देताही काढू शकतो. युनियनच्या करारात 'योग्य कारणाशिवाय शिक्षा नाही' असे कलम असेल तरच काही आधार. त्यातही नर्सच्या बाबतीत एक मेख आहे. ओहायोतल्या अर्बाना गावी हार्टलँड नावाच्या शुश्रूषागृहात चार नर्सवर शिस्तभंगाची कारवाई झाली. मालक-कामगारांचे तंटे पाहणाऱ्या संघीय कामगार मंडळाने नर्सची बाजू घेतली. पण २३ मे १९९४ रोजी इथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मालकाच्या बाजूने निकाल दिला. मावश्यांना कामे वाटून देणे, त्यांच्यावर देखरेख ठेवणे हे काम नर्स मालकाच्या हितासाठीच करतात, सबब त्या 'पर्यवेक्षक' ठरू शकतात, आणि पर्यवेक्षकाला कामगार कायद्याचे संरक्षण नाही, असा त्याचा आशय. साहेब घरी गेल्यावर सगळा मजला सांभाळते म्हणून ती अधिकारी, आणि अधिकारी म्हणून ती निराधार! मला हा निकाल कधीच पटलेला नाही. म्हणून लेकीला 'चार्ज नर्स', म्हणजे पाळीची प्रमुख नर्स, असे पद देऊ केले तर त्यात नेमके कोणते अधिकार येतात, हे तिने लेखी मागावे.

दंडाच्या कलमाविषयी तर मी आग्रहानेच लिहिते. एप्रिल २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरील ॲव्हलॉन गार्डन्स या शुश्रूषागृहातून दहा फिलिपिनो नर्सनी, कराराप्रमाणे वागवले जात नाही म्हणून, राजीनामे दिले. पाळ्या पुऱ्या करून किंवा आगाऊ कळवून त्या गेल्या होत्या आणि एकाही रुग्णाला इजा झाली नव्हती. तरीही रुग्णांचा जीव धोक्यात घातला म्हणून त्यांच्यावर फौजदारी खटला भरला गेला. १३ जानेवारी २००९ रोजी अपील न्यायालयाने तो थांबवला, आणि त्यासाठी गुलामगिरी व वेठबिगारी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचा आधार घेतला. ते शुश्रूषागृह ज्या समूहातले, त्याच समूहाच्या करारातला, मुदतीआधी नोकरी सोडल्यास २५,००० डॉलर भरण्याचा दंड २०१९ मध्ये एका संघीय न्यायाधीशांनी मानवी तस्करीविरोधी कायद्याचा भंग ठरवला. तरी अशी कलमे संपली आहेत असे समजू नकोस.

लेकीला एवढे सांग की माणसे कमी असतील तर फोनवर थांबू नये, त्याच रात्री वेळ आणि वरिष्ठाचे नाव घालून लेखी कळवावे आणि प्रत जवळ ठेवावी, मात्र तीत रहिवाशाचे नाव नसावे. ताकीद हाती आली तर 'मिळाली, मान्य नाही' असे लिहून सही करावी. युनियन असेल तर चौकशीच्या वेळी युनियनचा प्रतिनिधी मागण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५ च्या निकालाने दिला आहे. पण तो स्वतः मागावा लागतो, कुणी आपण होऊन देत नाही.

कराराचा मसुदा सर्व पानांसह मला पाठव, विशेषतः नोकरी सोडण्याचे आणि दंडाचे कलम. त्या शुश्रूषागृहाचे नावही कळव. सरकारी तपासणीचे अहवाल आणि कर्मचाऱ्यांचे तास सर्वांना पाहता येतात, ते मी काढून ठेवते. एजन्सी घाई करील, तरी आपले बोलणे होईपर्यंत सही करू देऊ नकोस. रविवारी तुझ्या सकाळी फोन करते. लेकीलाही जवळ बसव.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझी,
वैजयंती