आधी ब्रेक, मग इंजिन

जुन्या पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर यांना आजच्या गाड्यांची दमदार इंजिने बसवण्याच्या हौसेवरील रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेखात अश्वशक्तीचे कौतुक भरपूर आहे, ब्रेकचा मात्र उल्लेखही नाही. पद्मिनीचे मूळ इंजिन १०८९ सीसीचे, ताकद जेमतेम ४० अश्वशक्तीच्या आसपास. तिचे चारही ब्रेक ड्रमचे, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून लायनर घासून थांबवणारे, आणि तेवढ्याच ताकदीच्या हिशेबाने केलेले. आमच्या घरच्या पद्मिनीत मूळ इंजिन असूनही खंबाटकी घाट उतरताना लायनर तापल्याचा वास गाडीत भरायचा, ब्रेकचे पेडल खाली खाली जायचे आणि इंजिनानेच वेग रोखावा म्हणून वडील मुकाट्याने दुसरा गिअर टाकायचे. त्याच ड्रमवर दुप्पट ताकदीचा भार टाकायचा?

ताकद वाढवूच नये, असे नाही. अ‍ॅम्बेसेडरला इसुझू या जपानी कंपनीचे १.८ लिटर इंजिन खुद्द अ‍ॅम्बेसेडर बनवणाऱ्या कंपनीनेच बसवले. पण त्याच्या जोडीला पाच गिअरचा गिअरबॉक्सही दिला. गॅरेजमधल्या उद्योगात अशी जोडणी क्वचितच होते. शिवाय कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला मान्य नाही. २०२१ च्या नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते, तीही इंजिन आणि सांगाड्यात मोठा फेरफार नसेल तरच. लेखातल्या हौशी मालकांना हे कोणी सांगितले आहे का?

— एक पद्मिनीमालक, सातारा