थर्मोवेलपासून सुरुवात कर

॥ श्री ॥

बडोदे

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

पुढच्या पिढीच्या अणुभट्ट्यांच्या आंतरराष्ट्रीय मंचात भारत सभासद नाही, मग त्यांचं साहित्य वाचून काय उपयोग, असं तू फोनवर विचारलंस. याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं, म्हणून लिहायला घेतलं.

नऊ देशांनी २००१ मध्ये त्या मंचाच्या सनदेवर सह्या केल्या आणि २००२ मध्ये सहा प्रकार निवडले: सोडियम, शिसं किंवा वायूने थंड होणाऱ्या फास्ट (वेगवान न्यूट्रॉनवर चालणाऱ्या) रिॲक्टरचे तीन, शिवाय अतिउच्च तापमानाचा, सुपरक्रिटिकल (अतिशय दाबाच्या आणि तापलेल्या) पाण्याचा आणि वितळलेल्या क्षारांचा. पण एका टेबलाभोवती बसून सगळे मिळून एकच रिॲक्टर काढतात, असं चित्र डोळ्यांसमोर आणू नकोस. ड्रॉइंग ज्याचं त्याच्याकडेच राहतं. वाटून घेतात ते त्याखालचं कष्टाचं काम: धातूंच्या चाचण्या, इंधनाचं परीक्षण, संगणकी कोडची पडताळणी. १ लाख तासांची क्रीप चाचणी (तापलेला धातू ताणाखाली हळूहळू कसा लांबतो ते बघणारी) म्हणजे अकरा वर्षांहून जास्त. शेकडो नमुने इतकी वर्षं ताणून ठेवणं एका प्रयोगशाळेला झेपत नाही.

म्हणून दुसऱ्या देशाचा तक्ता हाती आला की आधी हे शोध: धातूचा हीट नंबर (वितळणीच्या घाण्याचा क्रमांक), पट्टी की सळई की पाइप, कणांचा आकार, चाचणी हवेत झाली की हेलियममध्ये, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) शेवटचं कधी कॅलिब्रेट केलं. आणि न तुटलेले नमुने यादीत आहेत का? ते गाळले की सरासरी खोटी येते. तापमानाची चूक तर फार महाग पडते. तापमान आणि तुटेपर्यंतचा वेळ जोडणारं लार्सन-मिलर सूत्र लावून बघ, स्थिरांक २० धर: ८५० अंश सेल्सियसच्या आसपास, दहा हजार तासांच्या चाचणीत दहा अंशांचा फरक पडला तरी आयुष्य दीडपटीहून अधिक बदलतं.

आता थर्मोवेल, म्हणजे पाइपातल्या प्रवाहात घुसवलेली, तापमापकाला जपणारी नळी. माझ्या मते आंतरराष्ट्रीय सहकार्याचा सगळ्यात चांगला धडा याच्यात आहे. ८ डिसेंबर १९९५ रोजी जपानच्या मोन्जू रिॲक्टरमध्ये दुय्यम सर्किटच्या पाइपातलं एक थर्मोवेल तुटलं आणि सुमारे ६४० किलो सोडियम बाहेर आलं. ते किरणोत्सारी नव्हतं, पण हवेत पेटलं. थर्मोवेलचा व्यास एका जागी पायरीसारखा बदलत होता. प्रवाहातल्या भोवऱ्यांनी ते प्रवाहाच्याच दिशेने, पुढेमागे थरथरत राहिलं आणि त्या पायरीपाशीच थकून तुटलं. तेव्हाचा अमेरिकी मानक फक्त आडवं थरथरणं तपासायला सांगत होता. २०१० च्या आवृत्तीत पुढेमागे होणारं थरथरणंही आलं.

हिशोब स्वतः करून बघ. भोवऱ्यांची वारंवारता म्हणजे स्ट्रौहल आकडा (भोवरे सुटण्याचा एककरहित गुणांक) गुणिले वेग भागिले व्यास. ०.२२, ५ मीटर प्रतिसेकंद आणि २२ मिलिमीटर घेतलेस की ५० हर्ट्झ येतात. नुसतं आडवं थरथरणं टाळायचं तर ही वारंवारता थर्मोवेलच्या स्वाभाविक वारंवारतेच्या ०.८ पटीखाली हवी, म्हणजे ती ६२.५ हर्ट्झच्या वर असली की पुरे. पुढेमागे होणारंही टाळायचं तर मर्यादा ०.४ पट, म्हणजे १२५ हर्ट्झच्या वर. वेल तेवढं आखूड किंवा जाड करावं लागतं. स्वाभाविक वारंवारता काढताना बुडाचा लवचीकपणा आणि सोबत हलणाऱ्या द्रवाचं वस्तुमान धरायला विसरू नकोस. दोन्हींमुळे आकडा खाली येतो आणि चूक नेहमी धोक्याच्या बाजूला होते. हाच मानक आज आपल्या कोयलीसारख्या रिफायनरीच्या थर्मोवेललाही लागू पडतो. बिघाडाचं कारण लपून राहिलं असतं तर तो बदलला नसता.

भारतापुरतं सांगायचं तर दारं बंद नाहीत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या इन्प्रो या नव्या अणुभट्ट्यांवरच्या प्रकल्पात आपण आहोत. कल्पक्कमचा १९८५ चा एफबीटीआर हा चाचणीचा फास्ट ब्रीडर रिॲक्टर फ्रान्सच्या रॅप्सोडी रिॲक्टरच्या आराखड्यावर उभा आहे. समृद्ध युरेनियम मिळेना, तेव्हा प्लुटोनियम-युरेनियम कार्बाइडचं इंधन आपणच तयार केलं. परक्याचा आराखडा आणि घरचं इंधन, दोन्ही एकाच भट्टीत आहेत.

तुझ्या प्रोजेक्टला ईबीआर-२ या प्रायोगिक सोडियम रिॲक्टरचा बेंचमार्क (गणना पडताळायची प्रमाण चाचणी) घे. ३ एप्रिल १९८६ रोजी अमेरिकेत पूर्ण क्षमतेवर चालू असताना त्याचे पंप बंद केले आणि स्क्रॅम (आपत्कालीन बंद) मुद्दाम रोखून धरला. तापमान वाढलं तशी पॉवर आपोआप उतरली. या चाचणीवर अनेक देशांच्या गटांनी आधी आंधळी गणना केली आणि मोजमापं नंतर उघडली. तूही तसंच कर. पंप बंद झाल्यावर प्रवाह कसा उतरतो तो वक्र आधी पक्का कर, कारण तिथे चूक असली तर पुढे फीडबॅकचे (तापमानाने पॉवर किती बदलते त्याचे) गुणांक कितीही हलवलेस तरी उत्तर बरोबर येणार नाही, आलं तर चुकीच्या कारणाने येईल. त्यानंतर वरच्या प्लेनममधल्या (गाभ्यावरच्या मोकळ्या जागेतल्या) सोडियमचे थर बघ. मोजमापाची फाइल उघडण्याआधी तुझा निकाल तारीख घालून बाबांना मेल कर.

तुझी,
आई