बाबांचे रंग गॅलरीत

प्रिय आई-बाबा,

बाबांना तैलचित्र शिकायला जायचं होतं त्या दादरच्या क्लासला मी ‘येणार नाही’ असं कळवलंय. आधी ठरवून मग सांगतेय, रागावू नका. तीन जिने, बंद खोली आणि रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनचा वास. बाबांच्या दम्याला झेपणार नाही. बाकी तुमच्या हातावर माझा पूर्ण भरवसा आहे हं, बाबा. माझ्या वहीतल्या मोराचं शेपूट नेहमी तुम्हीच तर पुरं करायचात!

डच चित्रकार व्हर्मीरच्या ‘मोतीवाली मुलगी’ या चित्राचीच नक्कल करायची, पण घरच्या गॅलरीत. आई, तुझा झोपाळा जागचा हलणार नाही, तुळसही नाही. मूळ चित्र ४४.५ बाय ३९ सेंमी आहे. कॅनव्हास आणि प्रिंट त्याच मापाचे मागवलेत. चौकोन बघून चित्र उतरवता यावं म्हणून दोन्हींवर ५ सेंमीचे चौकोन आखा, शेवटची रांग अर्धवट राहील, राहू दे. टर्पेंटाइन मुद्दाम मागवलं नाही. ब्रश करडईच्या तेलात खळबळून पुसायचे आणि मग साबणाने धुवायचे. तेल राहिलं तर पुढचा थर लवकर सुकत नाही.

आधी फक्त बर्न्ट अंबर म्हणजे गडद तपकिरी आणि पांढऱ्यात उजेड-सावली लावा. अंबर लवकर सुकतो, त्यातलं मँगनीज तेलाला घाई करतं. या थरात वरून तेल घालू नका, फडक्याने घासून पातळ करा. मग प्रत्येक थराला थोडं थोडं जास्त तेल. उलट केलंत तर वरचा थर आधी सुकतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात.

उजेडाकडच्या बाजूला नाक आणि गाल यांच्यात रेघ नाहीच. सगळे तिथेच फसतात, रेघ ओढतात आणि चेहरा कापल्यासारखा दिसतो. कानातला मोतीही म्हणजे वर पांढऱ्याचा एक जाड ठिपका आणि खाली कॉलरची मऊ झाक, एवढंच. अडकवायची कडी व्हर्मीरने काढलेलीच नाही, तुम्हीही काढू नका. फेट्याचा निळा मात्र ऑपरेशन झालेल्या डोळ्यानेच ठरवा, दुसरा डोळा मोतीबिंदूमुळे तो मळकट दाखवणार.

आई, तेलाची फडकी गोळा करून ठेवायची नाहीत. ती आतून तापून आपोआप पेटतात. पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात टाकायची, ओट्यापासून लांब. यात बाबांचं ऐकायचं नाही.

पावसाळ्यात सुकायला वेळ लागेल, चिडचिड नको. वॉर्निश किमान ६ महिने नाही. आणि इनहेलर खिशात ठेवा, रंगांच्या पेटीत नाही.

तुमची,
चिमू