शिसपेन्सिलीची रेघ शाई लावल्यासारखी छापू नका

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत फ्रेंच चित्रकार अँग्रचे 'फोरेस्तिए कुटुंब' हे पेन्सिलचित्र पाहून आनंद झाला. पण चित्राच्या कडा छाटल्या होत्या आणि रेघा शाईच्या वाटाव्यात इतक्या गडद झाल्या होत्या. मूळ चित्र 1806 चे, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातले. विशीतल्या अँग्रने रोमला निघण्यापूर्वी आपल्या वाग्दत्त वधूच्या, ज्युली फोरेस्तिएच्या घरची माणसे त्यात रेखाटली. मधोमध पियानोजवळ ज्युली उभी आहे. कागद जेमतेम 23 बाय 32 सेंटिमीटरचा, म्हणजे एकेक चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा.

आपण शिसपेन्सिल म्हणतो खरे, पण तिच्यात शिसे नसते; असते ते ग्रॅफाइट, कार्बनचे एक रूप. ग्रॅफाइटची पूड आणि माती मळून भाजण्याची कृती फ्रान्समध्ये काँते या संशोधकाने 1795 मध्ये काढली, कारण युद्धामुळे इंग्लंडचे ग्रॅफाइट मिळेनासे झाले होते. माती जास्त तर पेन्सिल कठीण आणि रेघ फिकी.

अँग्रच्या पेन्सिलचित्रांतली खरी गंमत दाबाच्या फरकात आहे. चेहऱ्यावर टोकदार पेन्सिलीच्या केसासारख्या रेघा, त्याही भिंगाखालीच सुट्या दिसणाऱ्या. कपड्यांवर हात मोकळा सुटतो. घडीच्या सावलीकडे रेघ जाड होते, उजेडाकडे विरत जाते. पांढरा रंग सहसा नसतोच, उजेड म्हणजे कोरा कागद. म्हणून ग्रॅफाइटचा रंग उडत नसला तरी कागद पिवळा पडला की उजेडच मंदावतो. अशा कागदांना 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपासच प्रकाश देतात, तोही थोडे महिने.

वर्तमानपत्राच्या छपाईत करडी छटा ठिपक्यांत फुटते आणि बारीक रेघ तुटते. ती जोडण्यासाठी काळेपणा वाढवला की चेहरा आणि झगा एकाच वजनाचे होतात. चित्रकाराने कुठे हात रोखला, कुठे सोडला, हे पुसले जाते. कडेचा रिकामा कागद छाटला तर माणसांभोवतीची हवाच जाते.

एवढे करावे: चित्र अखंड छापावे, खाली माध्यम आणि मापे द्यावीत, आणि शेजारी एक चेहरा तिप्पट मोठा करून द्यावा. मूळ रेखाटन पाहायला मिळाले तर वाचकांनी समोरून पाहून झाल्यावर बाजूलाही सरकावे. तिरक्या उजेडात ग्रॅफाइट धातूसारखे चमकते, कोळसा चमकत नाही. खोडरबराने तंतू उठलेल्या जागीही पुढची रेघ जरा जास्तच काळी बसलेली दिसते.

आपला,
कागदावरील चित्रांचे जतन करणारा एक वाचक