गुळ्या गेला त्या सोमवारी

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या कंपासपेटीखाली ठेवतोय. समोर बसून बोलायला गेलो की माझा आवाज तरी चढतो, नाहीतर घसा दाटतो. आणि चार दिवस झाले, तू माझ्याशी नीट बोललेला नाहीस. का ते मला माहीत आहे. सोमवारी पहाटे आपला गिनीपिग गेला, तू गुळ्याला टॉवेलात घेऊन बसला होतास आणि मी म्हणालो, "रडू नको, रविवारी दुसरा आणू." तू मान वर करून माझ्याकडं बघितलंस. ती नजर घेऊनच मी उद्यमनगरात गेलो. लेथवर दोन जॉब वाया घालवले त्या दिवशी. बेअरिंग गेलं की दुसरं बसवायचं, ही माझी रोजची सवय. तीच तोंडातून गेली. चुकलो, बाळा.

मला तरी हे कळायला हवं होतं. तुझे आबा संध्याकाळी गंगावेशीत म्हैस घेऊन जायचे, गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळता ग्लास हातात द्यायचे. चंद्री नाव तिचं. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं बांधून तिला बाहेर काढायचे. एवढ्या गर्दीतून, हलगीच्या कडकडाटात ती फक्त आबांच्या गाडीचा आवाज ओळखून मागं पळायची. ती गेली तेव्हा मी तुझ्याएवढाच होतो. आबा दोन दिवस जेवले नाहीत, गोठ्यात दावं हातात धरून बसून राहिले. म्हशीसाठी काय रडता, असं त्यांना गल्लीत कुणी म्हणालं नाही. मग गुळ्या किलोभराचा होता म्हणून तुझं रडणं हलकं कसं होईल? परवा जिन्यात कुणीतरी "उंदरासाठी एवढं?" म्हणालं, ते तू ऐकलंस. मी तिथंच उत्तर द्यायला हवं होतं. गिनीपिग कुरतडणाऱ्या प्राण्यांतलाच, हे खरं. पण अँडीज पर्वतातल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला घरात आणलं आणि त्याची ही पाळीव जात रानात कुठंच आढळत नाही. माणसाच्या घराशिवाय त्याला दुसरं घरच नाही. गुळ्याचं घर म्हणजे आपल्या स्वयंपाकघराचा कोपरा.

आता शनिवारचं. तू शाहू स्टेडियमवर मॅच बघायला गेलास, म्हणून तो आजारी पडलेला कळला नाही, असं तू आईला म्हणालास. तसं नाही झालं. त्या रात्री त्याच्या भांड्यात ढबू मिरचीची फोड तशीच पडलेली मी पाहिली होती. लेंड्याही कमी दिसल्या. सकाळी खाईल म्हणून मी दिवा घालवला. तू दमून येऊन झोपला होतास. बघितलं ते मी, आणि थांबलोही मीच.

डॉक्टर काय म्हणाले ते तुला नीट सांगायचं राहिलं. ज्याची शिकार होते तो प्राणी दुखणं लपवतो, कारण कळपात अशक्त दिसला तर तोच आधी मारला जातो. गिनीपिगचं पोट सतत चालू राहावं लागतं. गवत खाणं थांबलं की आतडी मंदावतात, वायू धरतो, आणि मग तासांचाच हिशेब उरतो. रविवारी आपण सिरिंजने भरवलं तेव्हा उशीर झालेला होता. शिवाय तू दुसरीत होतास तेव्हा तो आला, आता आठवीत आहेस. पाच ते आठ वर्षं हे त्यांचं आयुष्य. सहा वर्षं तो आपल्याकडं राहिला.

त्या सहा वर्षांत मी काय काय शिकलो ते तुला कधी सांगितलं नाही. माणसासारखंच त्याचं शरीर क जीवनसत्त्व बनवत नाही, म्हणून ढबू मिरची रोज हवी, हे तू मला सांगितलंस. लक्ष्मीपुरीच्या मंडईत मी आधी ढबू निवडायचो, मग घरची भाजी. फ्रिजचं दार वाजलं की त्याचं ते कुईकुई, आणि खूश झाला की जागच्या जागी टणकन उडणं. काल रात्री पाणी प्यायला फ्रिज उघडला आणि क्षणभर थांबून राहिलो.

पुरायच्या आधी त्याला त्याच्या जोडीदाराजवळ, शेंग्याजवळ, थोडा वेळ ठेवायचं तू म्हणालास, ते बरोबर केलंस. शेंग्यानं हुंगलं, त्याच्या कानाशी नाक नेलं, मग लांब जाऊन बसला. मला ते बघवलं नाही, म्हणून मी कढीपत्त्याखाली खड्डा काढायला गेलो. कुत्री उकरतील म्हणून गुडघाभर खोल काढला.

शेंग्याचं एक बोलायचंय. तो एकटा राहणारा जीव नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून गिनीपिग एकटा पाळायला कायद्यानं बंदी आहे, इतकी त्याला सोबत लागते. पुढं कधी दुसरा आणलाच, तर तो शेंग्यासाठी असेल. गुळ्याच्या जागी कुणी येणार नाही. कधी आणायचा, आणायचा की नाही, ते तू सांगशील तेव्हा.

तोवर मी रोज सकाळी शेंग्याचं वजन करतोय, कारण खाणं कमी झालं की आधी वजनात कळतं. मंगळवारी ९१० ग्रॅम होता, आज ८९०. माझ्या हातात तो नीट थांबत नाही, धडपडतो. तुझ्या हातात शांत बसतो. काटा ओट्यावर ठेवलाय, कोथिंबीर निवडून ठेवलीय. उद्या तू करशील का?

तुझा,
पप्पा